रेंज होती, नंबर लागत नव्हता : ऊस यार्डातल्या एका रेडिओ चॅनेलचं प्रकरण

पार्श्वभूमी

निपाणी-चिक्कोडी पट्ट्यातला एक साखर कारखाना. रोजचं गाळप सुमारे ५,००० टन, म्हणजे तासाला २०८ टनांच्या आसपास ऊस गव्हाणीत (मिलला ऊस जिथे टाकतात तिथे) पडलाच पाहिजे. निम्म्याहून थोडा जास्त ऊस ट्रॅक्टर आणि ट्रकमधून येतो, बाकीचा बैलगाड्यांतून. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांत २० टन आणि गाडीत अडीच टन धरले, तर तासाला सहा-सात ट्रॅक्टर आणि तीसेक गाड्या वजनकाट्यावरून पुढे सरकायला हव्यात. वाहनांच्या पाट्यांवर केए २३ असतं, केए २२ असतं आणि कागलकडून आलेलं एमएच ०९ सुद्धा असतं.

ही सगळी हालचाल वॉकीटॉकीच्या एका व्हीएचएफ रिपीटरवर चालत होती. रिपीटर म्हणजे सेटचा आवाज पकडून टॉवरवरून तो जास्त ताकदीने पुन्हा सोडणारं यंत्र. ४५ मीटरचा टॉवर, २५ वॅटचा अ‍ॅनालॉग रिपीटर, ४६ हातातले सेट, शेतकी खात्याच्या जीपमध्ये ९, आणि काटा, यार्ड ऑफिस, गेट, कंट्रोल रूम इथे टेबलावरचे ४. काटा, यार्ड, गव्हाण, शेतकी गट कार्यालयं, सिक्युरिटी आणि इंजिनीअरिंग हे सगळे एकाच चॅनेलवर. पंधरा वर्षांपूर्वी कारखाना लहान होता तेव्हा हे पुरत होतं. गाळप वाढलं, सेट वाढले, चॅनेल मात्र एकच राहिला.

तक्रार काय होती आणि अडचण काय होती

व्यवस्थापनाकडे आलेली तक्रार अशी: "सेटला रेंज नाही." यार्डातून काट्याला हाक मारली तर उत्तर येत नाही, दोन-तीनदा बटण दाबावं लागतं, संध्याकाळी तर काहीच लागत नाही. दोन्ही ठिकाणं टॉवरपासून ४०० मीटरच्या आत असल्यामुळे ही तक्रार ऐकतानाच खटकायला हवी होती. २५ किलोमीटरवरची जीप स्वच्छ ऐकू येते आणि ४०० मीटरवरचा काटा लागत नाही, हे रेंजचं लक्षण नव्हे. रस्ता चांगला आहे पण त्यावर आधीच गर्दी आहे, असा हा प्रकार.

हंगामाच्या मध्यावर एक प्रसंग घडला आणि विषय गंभीर झाला. ट्रॉली रिकामी करताना अनलोडरच्या (ऊस उतरवणाऱ्या यंत्राच्या) साखळीचा एक हूक चौकटीत अडकला. खालच्या मदतनिसाने सेटवर "थांबवा" म्हणायला बटण दाबलं. त्याच वेळी एक गट कार्यालय दुसऱ्या दिवशीच्या तोडीचे सर्व्हे नंबर सांगत होतं. मदतनिसाचा आवाज कुणापर्यंत पोचला नाही. अनलोडरवाल्याला खालचे हात हललेले दिसले म्हणून त्याने साखळी थांबवली. कुणाला लागलं नाही. पण त्या दिवसानंतर "रेंज वाढवा" या मागणीला जोर आला.

मोजणी

टॉवर उंच करण्याचं कोटेशन हातात असतानाच एक निर्णय चांगला झाला: आधी सात दिवस चॅनेल ऐकायचा. कंट्रोल रूममध्ये रिपीटरच्या फ्रिक्वेन्सीवर एक रिसीव्हर लावला आणि त्याचा आवाज लॅपटॉपला जोडला. आवाज आला की रेकॉर्डिंग सुरू, थांबला की बंद, आणि प्रत्येक तुकड्यावर वेळेचा शिक्का. या कामाला महागडं यंत्र लागत नाही.

सर्वांत गर्दीचा तास संध्याकाळी ५ ते ६ निघाला. गाड्या रानातून येऊन यार्डात ठेपतात आणि गट कार्यालयं उद्याचा अंदाज देतात, दोन्ही एकाच वेळी. त्या तासात सरासरी १८० संभाषणं होत होती आणि एकेक १४ सेकंद चॅनेल अडवत होतं. म्हणजे ३,६०० पैकी २,५२० सेकंद चॅनेल भरलेला. बोलण्याची ही वाहतूक ०.७ एर्लांग होते. चॅनेल तासभर सलग भरलेला असला की १ एर्लांग. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या ए. के. एर्लांग यांनी १९१७ मध्ये मांडलेली सूत्रं आजही इथे लागू पडतात.

सत्तर टक्के भरलेला म्हणजे तीस टक्के मोकळा, मग तक्रार कसली, असं वाटू शकतं. रांगेचं गणित तसं चालत नाही. एकच चॅनेल असेल तर सरासरी थांबण्याचा वेळ म्हणजे भरलेला भाग भागिले मोकळा भाग, गुणिले एका संभाषणाची लांबी: ०.७ भागिले ०.३, गुणिले १४, म्हणजे जवळजवळ ३३ सेकंद. माणसं रांगेत शिस्तीने थांबली तर ही स्थिती. प्रत्यक्षात कुणी थांबत नाही. एकमेकांवर बटण दाबतात, दोघांचंही वाया जातं आणि दोघेही पुन्हा बोलतात. मोबाइलमध्ये चॅनेल मोकळा नसेल तर कॉल तिथेच नाकारला जातो, म्हणून तिथलं गणित नकाराच्या टक्क्यावर चालतं. वॉकीटॉकीत नकार नसतो, फक्त ताटकळणं आणि धक्काबुक्की. त्यामुळे मोबाइल टॉवरचे तक्ते इथे उचलून वापरले तर उत्तर चुकतं.

रेकॉर्डिंग ऐकताना आणखी दोन गोष्टी निघाल्या.

पहिली, १४ सेकंदांतलं बोलणं ११ सेकंदांचंच होतं. उरलेले ३ सेकंद रिपीटरचं शेपूट. बोलणारा थांबल्यावर उत्तराची वाट बघत रिपीटर तेवढा वेळ चालू राहायचा. १८० गुणिले ३, म्हणजे ५४० सेकंद. तासातली नऊ मिनिटं कुणीही न बोलता खर्च होत होती.

दुसरी, बोलण्याची वाटणी. १,९८० सेकंदांच्या बोलण्यात यार्ड, काटा आणि गव्हाण यांची ९५ संभाषणं होती, प्रत्येकी ७ सेकंदांची: ६६५ सेकंद. सिक्युरिटीची ३०, सहा-सहा सेकंदांची. इंजिनीअरिंगची १५, नऊ सेकंदांची. शेतकी खात्याची फक्त ४०, पण प्रत्येकी २५ सेकंदांची: १,००० सेकंद. पाचातलं एक संभाषण शेतकीचं, पण निम्मा वेळ त्यांचा.

शेतकीचं बोलणं इतकं लांब का, याचं उत्तर आकड्यांच्या उच्चारात होतं. रेकॉर्डिंगमधला एक नमुना:

"सर्व्हे नंबर एकशे एकोणसत्तर, तीन गाड्या."
"एकोणऐंशी?"
"एकोणसत्तर हो अण्णा, सत्तराच्या अलीकडचा."
"सत्तर?"

मराठीत एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे शब्द गोंगाटात एकच ऐकू येतात. त्यात ऐकणारा कानडी असला तर तो मनात उलटा हिशेब करून पुन्हा विचारतो. सीमाभागात एकाच पाळीत दोन्ही भाषांचे लोक असतात. यात कुणाची चूक नाही, पण एका आकड्यासाठी चॅनेलचे दहा सेकंद जात होते.

पर्याय

टॉवर ६० मीटरचा करायचा. हा व्यवस्थापनाचा आवडता पर्याय होता. रेडिओ क्षितिजाचं, म्हणजे लाटा जिथवर पोचतात त्या अंतराचं, साधं सूत्र: ४.१२ गुणिले उंचीचं वर्गमूळ, दोन्ही टोकांची बेरीज, उत्तर किलोमीटरमध्ये. ४५ मीटरला हातातल्या सेटसह सुमारे ३३ किलोमीटर मिळतात, ६० मीटरला ३७. कारखान्याचं कार्यक्षेत्रच ३० किलोमीटरच्या आत. म्हणजे पैसे देऊन चार किलोमीटर नको असलेला भाग विकत घ्यायचा.

यातला खरा धोका मात्र सीमेपलीकडे होता. त्याच फ्रिक्वेन्सीचा दुसरा परवानाधारक ५८ किलोमीटरवर, महाराष्ट्रात. फ्रिक्वेन्सी दिल्लीतून, दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेतून देशभरासाठी वाटल्या जातात, आणि पुरेशा अंतरावर तीच पुन्हा देतात. राज्याची सीमा रेडिओला कळत नाही. दोन्हीकडे ४५ मीटरचे टॉवर असताना क्षितिज ५५ किलोमीटरचं, म्हणजे दोघं एकमेकांना जेमतेम चुकवत होते. डिसेंबर-जानेवारीत दूधगंगेच्या खोऱ्यात धुकं धरतं तेव्हा गार हवेच्या थरातून पलीकडचा आवाज तसाही यायचाच. आपला टॉवर ६० मीटरचा केला की क्षितिज साडेएकोणसाठ किलोमीटरवर जातं आणि शेजारी बाराही महिने घरात. सीटीसीएसएस टोन (आपल्या सेटची ओळख म्हणून बोलण्याखाली सोडलेला सूर) लावून तो आवाज दाबता येतो, असं विक्रेत्याचं म्हणणं. टोनमुळे आवाज फक्त कानाआड होतो. रिसीव्हर त्या सिग्नलने भरलेलाच राहतो आणि आपला कमजोर सेट त्याखाली दबतो.

सगळ्यांना मोबाइल द्यायचे. गव्हाणीवर कानाला फोन लावून हात अडकवता येत नाहीत, आणि एकाच वेळी सहा जणांनी ऐकावं अशी हाक फोनवर मारता येत नाही. यार्डासाठी हा पर्याय बाद. शेतकी खात्यासाठी मात्र अर्धा उपयोगी, कारण त्यांच्या बोलण्यातलं बरंचसं खरं तर लिहून पाठवण्यासारखं होतं.

फ्रिक्वेन्सीची आणखी एक जोडी (रिपीटरला ऐकायला एक, बोलायला एक) मागायची. हे योग्य होतं, पण परवानगी येईपर्यंत हंगाम संपला असता.

डिजिटल करायचं. डीएमआर या डिजिटल वॉकीटॉकीच्या पद्धतीत १२.५ किलोहर्ट्झच्या एका चॅनेलमध्ये ३०-३० मिलीसेकंदांचे दोन स्लॉट (वेळेचे कप्पे) आळीपाळीने चालतात, म्हणजे एका जोडीत दोन संभाषणं. विक्रेत्याने पुढे जाऊन ट्रंकिंग सुचवलं: जो स्लॉट मोकळा असेल तो यंत्रणाच देईल. तत्त्व बरोबर आहे. ०.७ एर्लांग दोन वेगळ्या चॅनेलवर निम्मी-निम्मी वाटली तर थांबायचा वेळ संभाषणाच्या ०.५४ पट. तीच वाहतूक दोन सामाईक चॅनेलवर ठेवली तर ०.१४ पट. दोन तिकीट खिडक्यांसमोर दोन वेगळ्या रांगा लावण्यापेक्षा दोन्हींसाठी एकच रांग बरी, तसं. (मोबाइलमध्ये हाच फायदा ठळक दिसतो: २ टक्के नकार चालवून घेतला तर ७ चॅनेल २.९४ एर्लांग पेलतात, १४ चॅनेल ८.२.) पण डीएमआरच्या तिसऱ्या श्रेणीतल्या ट्रंकिंगला सहसा एक स्लॉट नियंत्रणासाठी बाजूला ठेवावा लागतो. रिपीटर एकच असेल तर उरतो एक स्लॉट. जिथून निघालो तिथेच, फक्त महाग.

परवान्याचा कागद नीट वाचायचा. हे पर्यायांच्या यादीत नव्हतंच. लेखा विभागातून नूतनीकरणाची फाईल मागवल्यावर दिसलं, की परवान्यावर रिपीटरच्या जोडीशिवाय एक सिम्प्लेक्स फ्रिक्वेन्सीही होती, म्हणजे रिपीटरशिवाय सेटवरून थेट सेटवर बोलायची. तिचे पैसे दर वर्षी भरले जात होते. सेटमध्ये ती तीन नंबरवर प्रोग्रॅमही केलेली होती. कुणी नॉब तिकडे फिरवला नव्हता, एवढंच.

काय केलं, हंगाम चालू असताना

पहिल्या दिवशी रिपीटरचं शेपूट ३ सेकंदांवरून १ सेकंदावर आणलं. दहा मिनिटांचं काम, खर्च शून्य. संभाषण १२ सेकंदांचं झालं, वाहतूक ०.६, आणि थांबायचा वेळ गणिताने ३३ वरून १८ सेकंद. शेपूट पूर्ण शून्य केलं नाही. तसं केलं तर प्रत्येक उत्तराला रिपीटर नव्याने उठतो आणि पहिलं अक्षर खातो.

सगळ्या सेटमध्ये ४५ सेकंदांचा टाइमआउट घातला, म्हणजे तेवढ्या वेळाने बोलणं आपोआप तुटतं. तो आधी बंद होता. मळीचा चिकटा आणि बगॅसची (उसाच्या चिपाडाची) धूळ बसून बोलण्याचं बटण अडकतं आणि एक सेट सगळा चॅनेल धरून ठेवतो. रेकॉर्डिंगमध्ये एकदा अकरा मिनिटं नुसता मिलचा घरघराट सापडला होता. शिवाय चॅनेल भरलेला असेल तर बटण दाबूनही सेट बोलणार नाही, अशी सेटिंग सिक्युरिटी आणि शेतकीच्या सेटवर केली. गव्हाणीच्या सेटवर मुद्दाम नाही.

यार्ड, काटा आणि गव्हाण तीन नंबरवर, सिम्प्लेक्स, १ वॅटवर. ४०० मीटरच्या बोलण्याला ३० किलोमीटर पसरणारा रिपीटर वापरणं म्हणजे शेजारच्याला हाक मारायला देवळाचा भोंगा लावणं.

शेतकीचा उद्याचा अंदाज दुपारी ४ पर्यंत ठरलेल्या साच्यात मोबाइलवर मेसेज: सर्व्हे नंबर, टोळी, गाड्या, टन. रेडिओवर आकडा सांगायचाच झाला तर अंक सुटे: एक, सहा, नऊ. मराठी पाळीने मराठीत सांगावं, कानडी पाळीने कानडीत, पण सुटे. सूचनांचं पत्रक दोन्ही भाषांत.

गव्हाणीसाठी वेगळा निर्णय घ्यावा लागला, आणि तो या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा. आणीबाणीत यंत्र थांबवण्याचं काम रेडिओवर ठेवायचंच नाही. केन कॅरिअरला (मिलकडे ऊस नेणाऱ्या पट्ट्याला) पुल-कॉर्ड, म्हणजे ओढली की यंत्र थांबवणारी दोरी होती, अनलोडरखाली मात्र काहीच नव्हतं. तिथे तारेने जोडलेलं थांबवण्याचं बटण बसवलं. चॅनेल कितीही मोकळा केला तरी थांबण्याचा वेळ शून्य होत नाही.

काय बिघडलं

मिल हाऊस आणि बॉयलरच्या लोखंडी सांगाड्यामागे सिम्प्लेक्स पोचेना. काटा एका बाजूला, गव्हाण दुसऱ्या, मध्ये लोखंड. लोकांनी दोन दिवसांत गुपचूप रिपीटरवर परत उडी मारली. पॉवर वाढवण्याऐवजी यार्ड ऑफिसच्या छपरावरचा अँटेना गव्हाणीच्या गँट्रीवर (उंच लोखंडी चौकटीवर) हलवला, तिथून दोन्हीकडे दृष्टी मोकळी आहे. मग १ वॅट पुरला.

यार्ड सुपरवायझरांनी दोन्ही चॅनेल ऐकायला स्कॅन चालू केला. स्कॅन करणारा सेट एका चॅनेलवर थबकलेला असतो तेव्हा दुसऱ्यावरची हाक चुकते, आणि उत्तर कुठल्या चॅनेलवर गेलं हे बोलणाऱ्यालाही कळत नाही. स्कॅन सगळीकडे बंद केला. यार्ड ऑफिसच्या टेबलावर दोन वेगळे सेट ठेवले, एकावर पिवळी पट्टी, एकावर निळी.

तिसरी गोष्ट अनपेक्षित. एका वाहतूक ठेकेदाराच्या मुकादमाने ऑनलाइन घेतलेला स्वस्त सेट कारखान्याच्या फ्रिक्वेन्सीवर, टोनसकट लावला होता. असे सेट कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर बोलतात, परवाना मात्र कारखान्याचा पणाला लागतो. तो बंद करायला लावला. विनापरवाना बोलायचंच असेल तर ४४६ मेगाहर्ट्झच्या पट्टीतले अर्ध्या वॅटचे सेट आहेत, आणि यार्डातल्या टोळीला ते पुरतात.

निकाल

तीन आठवड्यांनी पुन्हा मोजणी केली, तोच तास. रिपीटरवर ८७ संभाषणं, शेपटासह ८७२ सेकंद: ०.२४ एर्लांग, थांबायचा वेळ ३ सेकंदांच्या आसपास. शेतकीची संभाषणं ४० वरून २२ झाली आणि २५ सेकंदांवरून १५ वर आली. सिम्प्लेक्सवर यार्डाची ७५ संभाषणं, ५२५ सेकंद, ०.१५ एर्लांग, थांबायला सेकंद-सव्वा सेकंद. यार्डाची उरलेली २० संभाषणं शेतकीशी होती म्हणून रिपीटरवरच राहिली. फ्रिक्वेन्सी नवी नाही, टॉवर तोच. अँटेना हलवणं, केबल, टेबलावरचा एक जादा सेट आणि ते बटण, एवढाच खर्च.

डिजिटलचा टप्पा

हंगाम संपल्यावर तरीही डीएमआर रिपीटर घेतला गेला, कारण जुन्याचे सुटे भाग मिळेनात. परवान्यात उत्सर्जनाचा प्रकार (अ‍ॅनालॉग की डिजिटल) लिहिलेला असतो, तो बदलून घेतला. पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला निम्मे सेट जुने, निम्मे नवे म्हणून रिपीटर मिश्र पद्धतीवर ठेवला. ही चूक झाली. एक अ‍ॅनालॉग सेट बोलला की तो पूर्ण १२.५ किलोहर्ट्झ धरतो आणि दोन्ही स्लॉट मरतात. गव्हाणीत मोळी पडल्यावरचे पहिले दोन आठवडे आधीच्या वर्षापेक्षा वाईट गेले.

आठवडाभर यार्डही एका स्लॉटवर टाकून पाहिलं. झोपलेल्या रिपीटरला उठवून स्लॉट मिळेपर्यंत पहिलं अक्षर गळायचं. "थांबवा"चं "बवा" आणि "चालवा"चं "लवा" व्हायचं, आणि मिलच्या गोंगाटात दोन्ही सारखेच. उलट अर्थाचे दोन हुकूम शेवटी एकच आवाज करतात, हे आधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. शब्द बदलले: थांबायला "थांब थांब", दोनदा, चालू करायला "सुरू". कानडी पाळी आधीपासून "निल्सु" म्हणत होती, तिला ही अडचण कमी आली. गोंगाटात डिजिटलचा कोडेक (आवाजाचे आकडे करणारा भाग) आवाज चिरडतो, हाही अनुभव आला. शेवटी यार्ड अ‍ॅनालॉग सिम्प्लेक्सवरच परत गेलं. एक स्लॉट शेतकीला, दुसरा सिक्युरिटी आणि इंजिनीअरिंगला.

वेगळं काय करता आलं असतं

मोजणी एक हंगाम आधी करता आली असती. तक्रार तेव्हाही होती. परवान्याची फाईल पहिल्याच दिवशी उघडायला हवी होती. आणि वाहतुकीचा विचार केला तर ०.२४ एर्लांगच्या चॅनेलला दुसऱ्या स्लॉटची गरज नव्हती. बोलणाऱ्याचा नंबर पडद्यावर दिसतो, बॅटरी जास्त टिकते, हे फायदे खरे आहेत, पण ते क्षमतेचे नाहीत. क्षमतेच्या नावाखाली मंजुरी घेतल्यामुळे नंतर "मग पहिल्या टप्प्याने काय झालं?" हा प्रश्न संचालकांच्या बैठकीत आला, आणि तो रास्त होता. मिश्र पद्धत टाळून हंगामाआधी एका दिवसात सगळे सेट बदलायला हवे होते, किंवा जुने सेट पूर्ण सिम्प्लेक्सवर ढकलायला हवे होते.

दुसऱ्या जोडीचा अर्ज अजून केलेला नाही. गाळप ७,५०० टनांवर नेण्याचा प्रस्ताव आहे आणि दुसरा काटा येणार आहे. यार्डाचं बोलणं त्याच प्रमाणात वाढलं तर सिम्प्लेक्सवर ०.२२ एर्लांग होईल, म्हणजे दोन सेकंद. तेवढ्याने भागतं. दोन काटे एकाच चॅनेलवर ठेवायचे की नव्या काट्याची जागा गँट्रीच्या अँटेनाला दिसेल अशी निवडायची, एवढा प्रश्न सध्या बांधकाम विभागाच्या टेबलावर आहे.